ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ

गोमंतक व महाराष्ट्र या प्रांतांतील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचीं साधनें कोणतीं, असा प्रश्न निघाला म्हणजे अभ्यासकाची दृष्टि बहुधा लिस्बन, रोम आणि लंडन या नगरांकडे वळते. पाद्र्यांनीं वरिष्ठांस धाडलेलीं पत्रें, व्हाइसरॉयांचे हुकूम, मिशनांचे वार्षिक वृत्तांत, हीं साधनें मोलाचीं आहेत यांत संशय नाहीं. परंतु तीं सर्व धर्म सांगणारांच्या बाजूचीं आहेत. ज्यानें तो धर्म ऐकला त्याचें बोलणें मराठी किंवा कोंकणी होतें, आणि त्याच्याशीं झालेला संवाद देशी भाषेंतील पोथ्यांतच उरला आहे. त्या पोथ्यांत अग्रस्थानीं असलेलें ख्रिस्तपुराण इतिहासाचें साधन म्हणून आपल्याकडे फारसें वाचलें जात नाहीं, ही आमची तक्रार आहे. आणि तिचे पहिले प्रतिवादी आम्हीच आहोंत.

आम्हीं शाळेंत अनेक वर्षें मराठी व संस्कृत शिकविलें. मराठीच्या थोरवीच्या प्रसिद्ध ओव्या मुलांकडून पाठ करून घेतल्या, एका इंग्रज पाद्र्यानें आपल्या भाषेची केवढी स्तुति केली म्हणून अभिमानानें सांगितलें, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचा बाकीचा ग्रंथ उघडूनहि पाहिला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर तो साद्यंत वाचला, तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या चार ओव्यांच्या कौतुकानें उरलेला ग्रंथ झांकून टाकला आहे.

ग्रंथाचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत असा. फादर टॉमस स्टीफन्स हा १५७९ सालीं गोव्यास उतरला आणि १६१९ सालीं वारला. त्याच्या कार्याचें मुख्य क्षेत्र साष्टी प्रांत. त्याचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमी लिपींत छापलें गेलें, व १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हां छापलें. या तिन्ही छापांपैकीं एकहि प्रत उपलब्ध असल्याचें ज्ञात नाहीं. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांवर. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्डान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमी लिपींतच आवृत्ति काढली. पुढें विल्यम मार्सडन यांच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्या-शाळेंत आलेली देवनागरी पोथी जस्टिन ॲबट यांच्या दृष्टीस पडली, आणि हाच मूळ पाठ होय असें त्यांनीं १९२३ सालीं प्रतिपादिलें. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यांतून हें पुराण देवनागरींत प्रसिद्ध केलें, हे मराठी वाचकावर त्यांचे उपकारच आहेत.

आतां वादाचा मुद्दा. रोमी प्रतींत जेथें लॅटिन किंवा पोर्तुगीज धर्मसंज्ञा येतात, तेथें मार्सडनच्या पोथींत पुष्कळ ठिकाणीं संस्कृत संज्ञा आढळतात. ॲबट यांच्या मतें कवीनें मूळ ग्रंथ देवनागरींत रचला व रोमी रूप नंतर आलें. या मताच्या पुष्ट्यर्थ स्टीफन्सच्या १६०८ सालच्या पत्राकडे बोट दाखवितां येतें. या देशाच्या भाषेंत व लिपींत छापलेले ग्रंथ मरणापूर्वीं पाहावे, अशी इच्छा त्यानें त्यांत वरिष्ठांस कळविली आहे. आपल्या चोवीस अक्षरांच्या जागीं येथें सुमारें सहाशें ठसे लागतील, ही अडचणहि त्यानें नमूद केली आहे.

या पत्रावरून कवीला देशी लिपीची योग्यता कळली होती एवढें सिद्ध होतें. मार्सडनची पोथी त्याच्या मूळ लेखनाची परंपरा सांगते, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. एखाद्या मागाहूनच्या व्युत्पन्न लेखकानें परकी शब्द काढून तेथें संस्कृत शब्द बसविले असणें शक्य आहे. उलट, ग्रंथ छापावयाचा म्हणून धर्माधिकाऱ्यांच्या संमतीसाठीं रूढ चर्चसंज्ञा मागाहून घातल्या गेल्या असणेंहि तितकेंच शक्य आहे. भाषा शुद्ध म्हणून पाठ जुना, हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासांत आम्हांस उलटाच अनुभव आहे: ओबडधोबड पाठ जुना निघतो, आणि गुळगुळीत पाठ कोणा शहाण्या लेखकाच्या हातचा ठरतो.

याच पुण्यांत भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पूर्ण केलें. डॉ. सुकथनकरांनीं तेथें घालून दिलेला कित्ता असा कीं, जो पाठ मनास आवडला तो वर घेऊन बाकीचे टाकून द्यावयाचे नाहींत. सर्व प्रतींची साक्ष पानाच्या तळाशीं नोंदावयाची. ख्रिस्तपुराणालाहि हीच कसोटी लावली पाहिजे. ओवीच्या पहिल्या तीन चरणांत यमक असतें. विवादास्पद संज्ञा यमकाच्या जागीं आली असेल, तर दोन्ही पाठ तेथें ठेवून पाहावे. ज्या शब्दानें यमक मोडतें तो मागाहून घातलेला असण्याचा संभव अधिक. अशीं पन्नास-शंभर स्थळें तपासलीं तर या वादाला निदान कांहीं पाया मिळेल.

दुसरी गोष्ट लिप्यंतराची. रोमी लेखनांत पुराण शब्दांतील ण दाखविण्यासाठीं न चें रोमी अक्षर दोनदां लिहिलें जाई. ट, ड व ळ यांचीहि व्यवस्था अशीच दुहेरी अक्षरांनीं केलेली होती. नकलकारानें दोहोंपैकीं एक अक्षर गाळलें कीं ण चा न होतो आणि ड चा द. रोमी पाठ देवनागरींत उतरविणारा संपादक अशा प्रत्येक स्थळीं निर्णय घेत असतो. तो निर्णय टीपेंत दिसला नाहीं, तर वाचक संपादकाच्या कल्पनेलाच कवीचा शब्द समजून चालतो.

हा सर्व खटाटोप कशाकरितां, असें कोणी विचारील. एका धर्मसंज्ञेच्या पाठभेदांत इतिहासाचा मोठा प्रश्न दडलेला आहे. साष्टींतील नवख्रिस्त्याला त्याचा नवा धर्म परक्या नांवांनीं शिकविला गेला, कीं त्याच्या आजोबांच्या पोथींतील शब्दांनीं? पहिलें खरें असेल, तर जुन्या धर्माशीं असलेला त्याचा संबंध शब्दापासूनच तोडला गेला. दुसरें खरें असेल, तर तो संबंध जाणूनबुजून राखला गेला. हुकुमांच्या दप्तरांत याचें उत्तर सांपडणार नाहीं.

आणि ग्रंथाचा उपक्रमच या प्रश्नाला स्पर्श करतो. तेथें एक ब्राह्मण पाद्रीस विनवितो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही बंद केलीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास तसेंच एखादें आम्हांस द्या. कविप्रौढीचा भाग वजा केला तरी या विनंतींत एका समाजाची वेदना स्पष्ट ऐकूं येते. सोळाव्या शतकांत गोव्यांत हिंदूंच्या पोथ्या हिरावून घेतल्या गेल्या, हें पाद्र्यांच्याच पत्रांवरून कळतें. गंमत अशी कीं, त्यांतील कांहीं कथा पाद्र्यांनींच अभ्यासासाठीं रोमी लिपींत उतरवून घेतल्या. पोर्तुगालांत ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत ७७१, ७७२ व ७७३ या क्रमांकांच्या बाडांत रामायण-भारताच्या कोंकणी-मराठी कथा आणि कृष्णदास शामा याचें कृष्णचरित्र आज वाचावयास मिळतें. ज्या हातांनीं पोथी नाहींशी केली त्याच हातांनीं तिची नक्कल राखली. म्हणून चर्चच्या इतिहासाचीं साधनें हीं आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाचींहि साधनें होत, आणि आपलीं दप्तरें ही त्या इतिहासाचीं.

पुण्यापुरतें पाहावयाचें तर आमच्या बिबवेवाडीहून नाना पेठ कांहीं दूर नाहीं. तेथील सिटी चर्चची जागा १७९२ सालीं सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत, सरकारच्या चाकरींतील ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठीं मिळालेली. तेव्हां या मंडळीचा आरंभ मोडी कागदांतहि शोधला पाहिजे. १८९० सालच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून जें ग्रामण्य माजलें, त्याचे कागद आपण टिळक-रानड्यांच्या चरित्रापुरतेच वाचतों. पण मिशनबद्दल शहराची वृत्ति काय होती, हेंहि तेच कागद सांगतात.

संग्राहकांस आमची विनंति आहे. जुन्या बाडांत रोमी लिपींतील मराठी पान निघालें, किंवा मिशनचें पिवळें पडलेलें चोपडें हातीं आलें, तर परधर्माचें म्हणून तें रद्दींत घालूं नये. पोथीची बांधणी उसवूं नये. समाप्तीचा लेख, नकलकाराचें नांव, कोणत्या घरांतून ती आली हें आधीं टिपून ठेवावें. आम्हीं ज्या चार ओव्या मुलांस शिकविल्या त्या खोट्या नव्हत्या. पण त्यांच्या मागें असलेल्या माणसांची गोष्ट आम्हीं त्यांस सांगितली नाहीं. ती सांगावयाची तर आधीं पाठ शुद्ध हवा, आणि त्याकरितां प्रति हव्यात. त्या कदाचित् आपल्यापैकींच कोणाच्या माळ्यावर असतील.