वस्तूंची कुळकथा

एम. इलिन (इल्या मार्शाक) हा व्यवसायाने अभियंता. तरी १९२९ मधील त्याच्या ‘एक लाख का?’ या बालपुस्तकातील प्रवास खोलीबाहेर जात नाही. पाण्याचा नळ, चूल, जेवणाचे टेबल, कपड्यांचे कपाट हीच त्यातील स्थानके. तिप्पट जाडीच्या एका सदऱ्यापेक्षा तीन सदरे अधिक ऊबदार का, असे तो विचारतो आणि उत्तर कापडात न शोधता मध्ये अडकलेल्या हवेत शोधतो. परिचित वस्तू क्षणभर अनोळखी करण्याचे हे कौशल्य मराठी विज्ञानलेखनात, दुर्दैवाने, विरळा.

इलिनच्याच देशाच्या सहकार्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि कोक भट्टीत पडतात; चुनखडी खनिजातील वाळूसारखी अशुद्धी ओढून घेते, धातुमळी वर तरंगते, लोखंड तळाशी साचते. त्याचे पोलाद होते, पोलादाचे रूळ. इलिनला आवडावी अशीच ही साखळी.

मात्र खोलीतील वस्तूंपाशी ‘का’ पुरतो. भिलाईत ‘कोणी’ हेही विचारावे लागते. दल्ली-राजहऱ्यात खनिज दीर्घकाळ कंत्राटी मजुरांनी हाताने फोडले. शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने यांत्रिकीकरणाला विरोध केला तो याच हातांसाठी. १९९१ मध्ये नियोगींची भिलाईत हत्या झाली. बालपुस्तकात हत्या नको, हा संपादकीय संकोच समजण्यासारखा आहे. पण त्यासाठी ‘खाणीतून खनिज येते’ असे मजूर वगळलेले वाक्य लिहिण्याचे कारण नाही.