१९३३चे नवे नाटक आणि आपली बैठकीची खोली

मराठी नाटकाच्या इतिहासात १ जुलै १९३३ ही तारीख ठळक अक्षरांत छापलेली असते. त्या दिवशी ‘नाट्यमन्वंतर’ने श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. प्रायोगिक मराठी नाटकाची सुरुवात येथून मानतात. हे मानणे बरोबर आहे का, आणि आपल्यासारख्या मराठी मुसलमान वाचकाला त्यातून काय घेता येईल, हे पाहू.

मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यॉर्नसनचे, १८८३चे. पण अशा नाटकांची हवा आपल्याकडे आली ती इंग्रजीतून. लंडनमध्ये १८९१ साली ग्राइन याने ‘इंडिपेंडंट थिएटर’ काढून इब्सेनचे ‘घोस्ट्स’ केले. सरकारी परवाना मिळणार नाही म्हणून प्रयोग खासगी ठेवला. शॉचे बंदी घातलेले ‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’ १९०२ मध्ये ‘स्टेज सोसायटी’ने असेच सभासदांपुरते केले. पुढे १९०४ ते १९०७ या काळात ग्रॅनव्हिल बार्करने कोर्ट थिएटरात शॉची नाटके गाजवली. राजेरजवाडे गेले. साध्या दिवाणखान्यात माणसे पैशाबद्दल, लग्नाबद्दल, बापाच्या लबाडीबद्दल बोलू लागली, आणि बोलली ती घरात बोलतात तशी. माझ्या मते या चळवळीचे खरे धाडस हेच.

‘आंधळ्यांची शाळा’ने यातले पुष्कळ उचलले. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खोली आली. गाणी मोजकी राहिली, आणि तीही भावगीताच्या वळणाची. संगीत केशवराव भोळे यांचे. दिग्दर्शक केशवराव दाते यांनी अभिनयातला आरडाओरडा कमी केला. ज्योत्स्ना भोळे, पद्मा वर्तक या सुशिक्षित घरांतल्या स्त्रिया रंगमंचावर आल्या. विषयही धीट होता: मुलीकडून जे चारित्र्य मागता तेच मुलाकडून का मागत नाही? आजही सोयरीक ठरवताना हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही. नाटकाची उणीव म्हणजे ते आधी मुद्दा ठरवते आणि मग त्याला माणसे चिकटवते. पात्रे एकमेकांशी कमी आणि प्रेक्षकांशी जास्त वाद घालतात. हा दोष ब्यॉर्नसनचाच, आणि शॉही त्यातून सुटला नव्हता. पण शॉजवळ विनोद होता. ‘नाट्यमन्वंतर’ फार वर्षे टिकले नाही, याचे खापर मात्र सगळे बोलपटांवर फोडले जाते.

याच काळात उर्दू नाटक कुठे होते? मुंबईच्या पारशी कंपन्यांचे उर्दू नाटकही लंडनकडूनच घेत होते, पण जुना माल. आगा हश्र काश्मिरी यांनी शेक्सपिअर उर्दूत आणला. त्यांचे ‘यहूदी की लड़की’ही जुन्या इंग्रजी नाटकावरूनच बेतलेले. हश्र यांची जबान जबरदस्त. मी त्यांना कमी लेखत नाही. पण त्यांचा प्रेक्षक टाळ्या देत होता तो संवादातल्या काफियाला. इम्तियाज अली ताज यांनी १९२२ मध्ये ‘अनारकली’ लिहिले. कंपन्यांनी बदल सुचवले, ते त्यांनी मानले नाहीत, आणि नाटक १९३२ मध्ये पुस्तक म्हणूनच छापले गेले. म्हणजे मराठीचे नवे नाटक रंगमंचावर चढत होते, त्या सुमारास उर्दूचे कपाटात जात होते. अर्थात ‘अनारकली’ही महालातलेच, घरातले नव्हे.

आता त्या ठळक तारखेबद्दल. सुशिक्षित स्त्रिया रंगमंचावर आल्या याचे श्रेय १९३३ला देताना १९२९ विसरले जाते. त्या वर्षी हिराबाई बडोदेकर यांनी ‘नूतन संगीत नाटक मंडळी’ काढली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ही मुलगी. आई ताराबाई माने खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या तेव्हा मुलांची नावे बदलली: चंपाकलीची हिराबाई झाली, अब्दुल रहमानचे सुरेशबाबू, गुलाबची कमलाबाई. ही भावंडे एकाच मंडळीत नाटके करीत होती. नाटके जुनीच होती, ‘सौभद्र’सारखी, म्हणून समीक्षक त्यांना प्रयोग म्हणत नाहीत. पण गायिकेच्या मुलीने आपल्या मंडळीसह, आपल्या जबाबदारीवर, तिकीट काढून आलेल्या घरंदाज लोकांसमोर उभे राहणे हा वर्तकांच्या दिवाणखान्याइतकाच मोठा प्रयोग होता. पुस्तके एकाला नाट्यइतिहासात घालतात आणि दुसऱ्याला संगीताच्या प्रकरणात.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून आपल्याकडे कविता भरपूर आली, कथा आली, आत्मकथने आली. नाटक मात्र हाताच्या बोटांवर मोजावे. याचे कारण मला बार्करच्याच मुद्द्यात दिसते. घरात बोलतात तसे बोलायचे तर कोणत्या भाषेत? उमापूरचे आमचे मूल घरी ‘हमना-तुमना’ करत दखनी बोलते, वर्गात किताबी उर्दू, आणि गेवराईच्या बाजारात मराठी. स्नेहसंमेलनात मात्र तेच मूल शेरवानी घालून अकबराच्या दरबारात उभे केले जाते. तीन भाषा एकाच बैठकीत वावरणारे नाटक लिहिले तर मराठी संपादक म्हणेल हे मराठी नाही, आणि उर्दूवाला म्हणेल ही जबान बिघडलेली आहे.

वर्तकांचेच कथानक घ्या. सोयरीक पाहायला पाहुणे आले आहेत, अम्मा दखनीत बोलते आहे, मामू महेरची रक्कम मराठीत मोजतो आहे, आणि मुलगी नवऱ्या मुलाला त्याच्या चालचलनाबद्दल विचारते. प्रसंग लिहिणे अवघड नाही. पण त्या मुलीचे काम कोण करणार, असे विचारले की गावात अजून तालीम तिथेच थांबते.