'स्मृतिचित्रे' : नम्रता आणि व्यवहारज्ञान

ख्रिस्ती धर्माच्या उपदेशात नम्रतेस जे अग्रस्थान दिलेले आहे ते पाहून पुष्कळांची अशी समजूत झालेली असते की, व्यवहारातील शहाणपण आणि ख्रिस्तभक्ती यांचे उभे वैर असले पाहिजे. ही समजूत अगदीच निराधार नाही. करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात पौलाने जगाच्या ज्ञानाची किंमत फारच कमी धरली आहे, आणि डोंगरावरील प्रवचनात तर उद्याच्या अन्नवस्त्राची चिंता वाहणाऱ्यांस रानातील फुलांकडे बोट दाखविले आहे. परंतु त्याच शुभवर्तमानांत याहून निराळ्या सुराचे दृष्टांतही आहेत. मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अदमास घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. दिव्याबरोबर तेलाचे भांडे घेऊन निघालेल्या पाच कुमारी तेथे शहाण्या ठरतात. एका अप्रामाणिक कारभाऱ्याच्या दूरदृष्टीचीही त्याच्या धन्याकडून तारीफ होते. शिष्यांस बाहेर पाठविताना कबुतराच्या निष्पापतेची अपेक्षा सांगितली, ती सापाच्या सावधपणाशी जोडूनच सांगितली. तेव्हा नम्र माणसाने हिशेब ठेवावा की न ठेवावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार कोणत्याही धर्मशास्त्रीय प्रबंधात झालेला नसून तो शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईंच्या आत्मचरित्रात झाला आहे, असे आमचे मत आहे. ते आत्मचरित्र म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' होय. या ग्रंथाचे चार भाग 1934 पासून 1937 पर्यंत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई 1936 साली निवर्तल्या, त्यामुळे अखेरचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांस पुरा करावा लागला. ग्रंथाची ख्याती इतकी आहे की त्याचा परिचय करून देण्याचे कारण नाही. परंतु तो कसा वाचावा याविषयी मात्र अद्याप मतभेद आहेत, आणि त्यांची खूण त्याच्या दोन इंग्रजी अनुवादांच्या नावांतच सापडते. 1950 साली निघालेल्या अनुवादास 'आय फॉलो आफ्टर' हे नाव मिळाले. म्हणजे ही पतीच्या मागोमाग चालणाऱ्या स्त्रीची कथा ठरली. 2017 च्या अनुवादाच्या उपशीर्षकात हीच बाई 'स्पिरिटेड वाइफ', म्हणजे तेजस्वी व बाणेदार पत्नी झाली. एका वाचनात नम्रता तेवढी उरली, दुसऱ्यात बाणा तेवढा उरला. आमच्या मते ही दोन्ही वाचने अर्धी आहेत.

प्रथम टिळकांकडे पाहू. नारायण वामन टिळक (1861–1919) हे कवी, पंडित आणि मनाने अत्यंत उतावळे असे गृहस्थ होते. राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि पुढे फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते म्हणत. पाश्चात्त्य पेहरावातील ख्रिस्ती धर्म त्यांस रुचेना. अभंग, कीर्तन आणि भजन यांच्या द्वारे तो या मातीत रुजावा अशी त्यांची खटपट असे. 1917 साली त्यांनी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले, ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही मंडळी स्थापिली. पैसा हाती आला की तो दुसऱ्याच्या हाती गेलाच म्हणून समजावे. दारी आलेला अनाथ घरचाच झाला म्हणून समजावे. हे औदार्य खरे होते, त्यात ढोंगाचा लवलेश नव्हता.

परंतु या औदार्याची दुसरी बाजू पाहण्याचे धैर्य 'स्मृतिचित्रे'नी दाखविले. दान देणारा हात एकाचा होता, आणि रिकामे झालेले डबे मात्र दुसरीच्या स्वयंपाकघरातील होते. टिळक उद्याची चिंता करीत नसत हे खरे. पण ती चिंता त्यामुळे नाहीशी होत नसे, ती लक्ष्मीबाईंच्या माथ्यावर येऊन बसे. एवढेच नव्हे, तर ज्या धर्मांतरास टिळक आत्मसमर्पण मानीत होते, त्याची किंमत म्हणून सुमारे पाच वर्षे पत्नीस नातलगांच्या आश्रयाने, सधवा असून नसल्यासारखे राहावे लागले. त्यागाचा विचार करणारे लेखक सहसा त्यागी पुरुषाच्या अंतःकरणात शिरतात. त्या त्यागाची झीज कोणाच्या अंगावर पडली, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. लक्ष्मीबाईंनी तो मांडला, आणि वसुलीचा दावा मात्र लावला नाही.

या ठिकाणी आमच्या हिंगोली जिल्ह्यातील एका जुन्या कथेचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा जे नरसी गाव सांगते ते याच जिल्ह्यात आहे, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची भेट जेथे झाली म्हणतात ते औंढा नागनाथही येथेच आहे. संतमंडळी जमली असता गोरोबा कुंभारांनी आपल्या थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले. इतर स्वस्थ बसले, नामदेव तेवढे रागावले, आणि हे मडके कच्चे आहे असा निकाल झाला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. पुढे औंढ्यास विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले आढळले, आणि जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव असे त्यांनी म्हटल्यावर नामदेवांचे डोळे उघडले. या कथेतील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. नामदेवांचा दोष व्यवहारचातुर्य हा नव्हता. त्यांस व्यवहार ठाऊकच नव्हता म्हटले तरी चालेल. त्यांचा दोष म्हणजे देवाशी असलेल्या सलगीचा अभिमान. आणि तो दोष कोणी ओळखला? वेदान्त्याने नव्हे, तर ज्याचे पोट मडके कच्चे की पक्के हे बरोबर ओळखण्यावर चालते अशा एका कारागिराने. म्हणजे नम्रतेची परीक्षा करणारे हत्यार व्यवहारातूनच आले.

टिळकांचा पूल तुकारामांचा होता, आणि तुकारामांस कवित्वाची आज्ञा स्वप्नात नामदेवांकडूनच झाली असे परंपरा मानते. तेव्हा ही कथा टिळकांच्या दारापाशी आणणे म्हणजे ओढूनताणून संबंध जोडणे नव्हे. 'स्मृतिचित्रे' वाचताना आम्हांस असेच वाटते की, त्या घरात गोरोबाचे थापटणे लक्ष्मीबाईंच्या हाती होते. घरात मीठ आहे काय, पोरांच्या अंगावर धड कपडा आहे काय, आलेला पाहुणा जेवणार कशावर, असले त्यांचे साधे प्रश्न टिळकांच्या वैराग्यावर टकटक करीत राहतात. कधी मडके पक्के वाजते, कधी टिळक रागावतात. राग ओसरल्यावर होणारा त्यांचा पश्चात्तापही लक्ष्मीबाईंनी तितक्याच न्यायबुद्धीने नोंदविला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. स्वतःच्या पत्नीस अक्षरओळख करून देणाऱ्या आणि तिच्या हाती लेखणी देणाऱ्या पुरुषाचे ऋण त्या विसरलेल्या नाहीत.

मग लक्ष्मीबाईंची स्वतःची नम्रता कोठे दिसते? ती त्यांच्या विनोदात दिसते. आपल्या वडिलांचे सोवळ्याचे वेड, आपले स्वतःचे अज्ञान, आपली फजिती, या सर्वांवर त्या हसतात. आणि ते हसणे दुसऱ्यास हसण्याच्या आधी स्वतःपासून सुरू होते. टिळकांकडे परतल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेविली. पतीची श्रद्धा मोठी म्हणून आपली बुद्धी गहाण टाकणे हा मार्ग त्यांनी पत्करला नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे असे जेव्हा स्वतःस पटले तेव्हाच त्यांनी तो टाकला, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. याला कोणी हट्ट म्हणेल. आम्ही त्यास प्रामाणिकपणा म्हणतो, कारण न पटलेली गोष्ट पटली म्हणून मान लवविणे ही लीनता नव्हे, ते भय होय. पटल्यावर मात्र जन्मभराचे सोवळे सोडून वाटेल त्याच्या हातचे पाणी पिणे, ही जी मोठेपणाची गादी त्यांनी खाली ठेवली, ती टिळकांच्या वेतनत्यागाहून आम्हांस तिळमात्र कमी वाटत नाही.

ग्रंथाची भाषाही याच गुणाची आहे. वाक्ये आखूड, शब्द घरातले, विशेषणे मोजकी. दुःखाच्या प्रसंगी ही लेखिका थांबत नाही. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येईतो ती पुढल्या गोष्टीकडे वळलेली असते. टिळकांनी आरंभिलेले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घालून पूर्णत्वाच्या कडेपर्यंत नेलेले 'ख्रिस्तायन' यांच्याशी 'स्मृतिचित्रे' ताडून पाहिली, म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. 1616 साली फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ने जी ओवीची परंपरा ख्रिस्तकथेस दिली, तीत 'ख्रिस्तायन' सन्मानाने बसते. परंतु तेथे नम्रता हा वर्णनाचा विषय आहे. 'स्मृतिचित्रां'त ती लेखनाची रीतच झाली आहे.

या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. काही श्रद्धाळू वाचक म्हणतात की या ग्रंथात ख्रिस्त फार थोडा दिसतो. प्रार्थना, पश्चात्ताप, तारणाचा अनुभव यांची चर्चा जवळजवळ नाहीच, सगळा संसारच आहे. ग्रंथात दोष आहेत हे आम्हांस मान्य आहे. काळाचा क्रम ठिकठिकाणी विस्कटतो, आणि अखेरच्या भागात हात थकल्याची जाणीव होते. परंतु संसार फार आहे हा दोष आम्ही मानीत नाही. शुभवर्तमानांतील दृष्टांतही पीठ, तेल, हरवलेले नाणे आणि केरसुणी यांवरच उभे आहेत. ज्या धर्माच्या गुरूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची भक्ती स्वयंपाकघरात दिसली तर ती खाली उतरली असे कसे म्हणावे?

या बाबतीत लक्ष्मीबाई एकट्या नाहीत. पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेपुढे काशी-कलकत्त्याचे पंडित मान लववीत. त्याच रमाबाईंनी केडगावास दुष्काळात सापडलेल्या शेकडो स्त्रियांसाठी धान्य, विहिरी, छापखाना यांचा कारभार उभा केला आणि अल्पशिक्षित बायकांस समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी 1922 साली मृत्यू येईपर्यंत परिश्रम केले. संस्कृतचा अभिमान सोडणे ही नम्रता, आणि छापखाना चालविणे हे व्यवहारज्ञान. या दोहोंस त्यांच्या आयुष्यात वेगळे करता येत नाही.

सारांश, नम्रतेचा शत्रू व्यवहार नव्हे, अभिमान होय. आणि अभिमान पैशाइतकाच त्यागाच्याही आश्रयाने राहू शकतो. टिळकांची थोरवी यामुळे उणावत नाही. उलट, असल्या न्यायी साक्षीदारापुढे उभे राहूनही ती शिल्लक उरते, हेच तिचे खरे प्रमाण आहे. पण आपल्या घरांतून आजही कोणी देवासाठी, देशासाठी वा कलेसाठी सर्वस्व सोडतो, आणि मागे घरातली कोणी बाई वाण्याचा हिशेब मिटवीत बसते. पहिल्याचे चरित्र लिहिले जाते. दुसरीचे सहसा लिहिले जात नाही. मराठीत ते एकदा लिहिले गेले, तेही तिच्याच हातून आणि कोणाविषयीही कडूपणा न ठेवता. म्हणून 'स्मृतिचित्रे' केवळ वाङ्मय म्हणून नव्हे, तर धर्मविषयक ग्रंथ म्हणूनही घरात असावीत आणि मोठ्याने वाचली जावीत.