दोन हजार तास चालला, पण कशाच्या जिवावर?



पेट पास झाली की अमरावती-अकोल्याकडची बरीच मुलं विचारतात, "दादा, लिथियम मेटल बॅटरी घेऊ का विषय?" घ्या ना. पण आधी या विषयातले पेपर वाचायला शिका. मी पहिलं वर्ष ते चुकीचे वाचण्यात घालवलंय.

लिथियम धातूचा मोह खरा आहे. ग्रॅफाइटचा ॲनोड ग्रॅममागे ३७२ मिलीॲम्पिअर-तास देतो, लिथियम धातू ३८६०. म्हणून तर १९७० च्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉनमध्ये तो वापरून पाहिला. पुढे कॅनडाच्या मोली एनर्जीनं असे सेल बाजारात आणले, पण जपानमध्ये फोन पेटले आणि १९८९ मध्ये माल परत बोलवावा लागला. १९९१ मध्ये सोनीनं धातू सोडून कार्बन घेतला, तो आजतागायत. तुमच्या मोबाईलमध्ये लिथियमचे आयन आहेत, धातूचा पत्रा नाही.

अडचण अशी, की चार्ज करताना धातू सपाट बसत नाही. सुया निघतात, शेवाळासारखा थर येतो. डिस्चार्जमध्ये कधी सुईचं बूडच आधी विरघळतं आणि वरचा तुकडा सुटून पडतो. तो धातूच असतो, पण वीज त्याच्यापर्यंत पोचत नाही. यालाच डेड लिथियम म्हणतात.

आता माझी तक्रार. "डेंड्राइट-मुक्त, २००० तास स्थिर" असं लिहिलेला सिमेट्रिक सेलचा ग्राफ तुम्ही पाहिलाच असेल. दोन्हीकडे लिथियमच, आणि रेघ मस्त सरळ. पण फॉइल किती जाड होती? बऱ्याचदा २५० मायक्रॉन. एका मायक्रॉनमध्ये चौरस सेंटीमीटरला साधारण ०.२ मिलीॲम्पिअर-तास बसतात, म्हणजे एकूण ५१ च्या आसपास. वापरतात किती? १. समजा सायकल दोन तासांची आहे आणि दरवेळी १ टक्का वाया जातोय. २००० तासांत १००० सायकली झाल्या, १० गेले, ४१ उरले. ग्राफ हलणार कसा? घरात ज्वारीची कणगी भरलेली असली की उंदीर किती खातात ते कळत नाही, तसंच आहे हे.

आता कणगी काढून घ्या. जास्तीचं लिथियम नाही, कॅथोडमधून येईल तेवढंच. तोच १ टक्का, आणि १०० सायकलींनंतर उरतात फक्त ३७ टक्के. १००० सायकलींनंतर ८० टक्के हवे असतील तर कूलंबिक एफिशियन्सी सुमारे ९९.९८ लागते. ९९ आणि ९९.९८ मधला फरक ग्राफवर डोळ्यांना दिसतही नाही, सगळी भानगड तिथंच आहे.

याउलट २०१९ मध्ये नेचरमध्ये आलेला शर्ली मेंग यांच्या गटाचा पेपर बघा. वापरलेल्या लिथियमवर त्यांनी पाणी टाकलं. धातू असेल तर हायड्रोजन निघतो, इलेक्ट्रोलाइटशी रिॲक्शन होऊन बनलेल्या बहुतेक संयुगांतून निघत नाही. तो वायू मोजला. मुख्य नुकसान सुटून पडलेल्या धातूचंच निघालं. किती साधी युक्ती! सुंदर एसईएम फोटो दाखवून "बघा, सपाट आहे" म्हणणं सोपं असतं. फोटो नेमक्या कुठल्या कोपऱ्याचा घेतला ते कोण विचारतं? इथं आकडा दिलाय.

आणखी एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. माझ्या एका सेलचं व्होल्टेज अचानक कमी झालं आणि रेघ चौकोनी, स्वच्छ दिसायला लागली. मी खूश, मित्रांना चहा पण पाजला. सेल आतून शॉर्ट झाला होता! सुई पलीकडे पोचली होती, वीज सरळ तिच्यातून जात होती, आणि मी त्याला स्थिरता समजत होतो. तो ग्राफ मी सेमिनारमध्ये दाखवणार होतो.

शिवाय बहुतेक चाचण्या २५ अंशांवर होतात. आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात लावलेल्या गाडीचं तर विचारूच नका. तापमान वाढलं की इलेक्ट्रोलाइटच्या नको त्या रिॲक्शनही वेगानं होतात. वऱ्हाडातल्या माणसानं हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी?

तेव्हा पुढचा पेपर उघडलात की ॲब्स्ट्रॅक्टवर थांबू नका. थेट प्रयोगाच्या भागात जा, तिथं नसेल तर सप्लिमेंटरीत शोधा: फॉइलची जाडी, इलेक्ट्रोलाइट किती टाकलं, तापमान. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर तो पेपर विषय निवडण्यासाठी आधार म्हणून धरू नका.

शॉर्ट झालेला सेल ओळखायचा कसा, ते पुढच्या पोस्टमध्ये. माझा तो चहावाला ग्राफही टाकतो.