नकाशावरील बिंदू आणि पाड्याचे नाव

मतदार नोंदणीची केंद्रे कोठे असावीत, हा प्रश्न केवळ तहसील कचेरीतील अनुभवी कारकुनाच्या अंदाजावर सोडण्याचे कारण आता उरलेले नाही. भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने वस्त्या, रस्ते, नद्या व लोकसंख्या यांचे थर एकावर एक ठेवता येतात, आणि कोणती वस्ती केंद्रापासून दूर पडते हे तत्काळ दिसते. या साधनाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि साधन जेवढे मोजते तेवढेच सत्य, असा जो समज त्याच्या पाठोपाठ येतो, त्याची चिकित्सा अवश्य आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याचा प्रदेश या चिकित्सेस विशेष उपयुक्त ठरतो.

मतदान केंद्र मतदारापासून सामान्यतः दोन किलोमीटरांहून दूर नसावे, असा भारताच्या निवडणूक आयोगाचा दंडक आहे. नोंदणीच्या विशेष मोहिमेत मतदान केंद्रस्तरीय अधिकारीही या केंद्रांवरच बसतात. साहजिकच केंद्राभोवती दोन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढण्याचा मोह होतो. मैदानी मुलखात हे वर्तुळ फारसे फसवीत नाही, डोंगरात फसविते. वॉल्डो टॉबलर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार माणूस सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर चालतो. पाचास एक या प्रमाणाच्या चढावर हा वेग २.५ किलोमीटरांवर येतो. म्हणजे नकाशावर सारख्याच अंतरावर असलेल्या दोन पाड्यांपैकी एकास २४ मिनिटे लागत असतील, तर दुसऱ्यास त्याच्या दुप्पट वेळ लागेल. त्यात पाण्याची भर पडते. सरदार सरोवर सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. जलाशयाचे पाणी उपनद्यांच्या खोऱ्यांत शिरले की समोरासमोरच्या वस्त्यांमधील पायवाट बुडते. जुन्या थरावर आधारलेल्या नकाशात ती तशीच राहते.

दुसरा प्रश्न उद्दिष्टाचा आहे. केंद्रांच्या जागा निवडण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. १९७१ मध्ये टोरेगास व त्यांचे सहकारी यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक वस्ती ठरावीक अंतरात यावी अशी अट असते, आणि त्यासाठी किमान किती केंद्रे लागतील हे काढले जाते. चर्च व रेव्हेल यांच्या १९७४ च्या पद्धतीत केंद्रांची संख्या आधीच ठरते, आणि तेवढ्यांत अधिकाधिक लोक कसे सामावतील हे पाहिले जाते. दुसरी पद्धत काटकसरीची खरी. परंतु तीत विरळ वस्तीचे पाडे सर्वांत शेवटी विचारात येतात, आणि बहुधा गळतात. राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला तो व्यक्तीला. गुजरातेत गीरच्या अरण्यातील बाणेज येथे २०१९ व २०२४ च्या लोकसभा निवडणुकांत एकाच मतदारासाठी केंद्र उभारले गेले, ते याच तत्त्वाने. मतदानास जे तत्त्व लागू, ते नोंदणीस लागू नसावे, असे म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न नावांचा, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. महसुली दप्तराचा घटक गाव. सातपुड्यातील वस्तीचा खरा घटक पाडा. एका गावाचे पाडे निरनिराळ्या टेकड्यांवर विखुरलेले असतात, आणि गावास एकच बिंदू दिला की ते सारे त्या बिंदूत लोपतात. पाटीलपाडा हे नाव तर अनेक गावांत आढळते. खुद्द तालुक्याचे दप्तरी नाव अक्राणी, तर बोलण्यातले धडगाव. भिली वा पावरी बोलणाऱ्यांच्या तोंडचे नाव आधी मराठी वळणाने लिहिले जाते, मग रोमन लिपीत जाते, आणि तेथून पुन्हा देवनागरीत येते. नित्याच्या रोमन लेखनात ल आणि ळ, द आणि ड, न आणि ण यांतील भेद राहत नाही. माळ, माल, मळ आणि मल हे चारही शब्द एकाच रूपाने लिहिले जाऊ शकतात. संगणक मग चार ठिकाणांस एक समजतो, किंवा एकाच नावाच्या दोन रूपांस दोन ठिकाणे समजतो. हा दोष केवळ शुद्धलेखनाचा नव्हे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार नोंदणीचा एक आधार मतदारसंघातील सर्वसाधारण रहिवास हा आहे. अर्जातील पाडा यादीत सापडला नाही, तर खोळंबतो तो अर्जदार.

तात्पर्य, गणिताच्या आधी नामसूची हवी. पाड्यांची नावे तेथील लोकांच्या तोंडून टिपावीत, ती देवनागरीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावीत, आणि एका ठिकाणाची सर्व रूपे एकाच क्रमांकाखाली नोंदवावीत. अंतर चालण्याच्या वेळात मोजावे, तेही पावसाळ्यात व उन्हाळ्यात वेगवेगळे. एवढे झाल्यावर प्रणालीने दिलेले उत्तर विश्वासार्ह ठरेल. तोवर ते उत्तर नकाशावर ज्यांचे नाव आधीच आहे त्यांच्यापुरतेच खरे मानावे लागेल.