‘कृष्णविवर’ : एका शब्दाचें परीक्षण

शास्त्रीय परिभाषेंतील एखादा शब्द लोकांच्या तोंडीं बसला, कीं त्याचें परीक्षण करावयाचें भान सहसा कोणास राहत नाहीं. ‘कृष्णविवर’ हा असाच एक शब्द होय. १९७४ मध्यें मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत याच नांवाची कथा पहिली आली. ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनांवानें ती लिहिणारे गृहस्थ म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. शब्द सुटसुटीत आहे, कानास गोडहि आहे. परंतु अर्थास तो दगा देतो, अशी आमची तक्रार आहे.

विवर म्हटलें, कीं आमच्या भंडारा जिल्ह्यांतील विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढें चिखल्याची मँगनीजची भूमिगत खाण उभी राहते. तींत उतरलेला कामगार तळाशीं पोंचतो आणि पाळी संपतांच वर येतो. साहजिकच विद्यार्थी विचारतो, ‘कृष्णविवराच्या तळाशीं काय असतें?’ दोष त्याचा नाहीं, शब्दाचा आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या सीमेआंत मध्यबिंदु ही जागा न राहतां पुढें येणारा क्षण होऊन बसतो. उद्यांचा दिवस टाळतां येत नाहीं, तसा तो क्षणहि टळत नाहीं. सूर्याएवढें वस्तुमान असल्यास सीमेची त्रिज्या सुमारें ३ किलोमीटर. आंत शिरलेल्यास उरलेला अवधि फार तर सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या सुमारें दीडपट! त्या क्षणीं वक्रता अनंत होते, म्हणजे सिद्धान्तच मुका होतो.

त्यास वाचा देण्याचा यत्न करणाऱ्यांत शिरपूर येथें १९४९ मध्यें जन्मलेले डॉ. अभय अष्टेकर अग्रणी आहेत. १९८६ मध्यें त्यांनीं आइन्स्टाइनचीं समीकरणें नव्या चलांत मांडलीं. त्यांवर उभारलेल्या पुंजसिद्धान्तांत क्षेत्रफळ हवें तितकें लहान करतां येत नाहीं. २०१८ मध्यें हावियर ओल्मेडो व परमप्रीत सिंग यांच्यासह त्यांनीं काढलेला निष्कर्ष असा, कीं वक्रता कमाल मर्यादेस पोंचून थांबते आणि काळ पुढें चालूच राहतो.

निष्कर्ष मोहक आहे. म्हणूनच सावध राहावें. निरीक्षणाचा आधार त्यास अद्याप मिळालेला नाहीं. २०१९ च्या सुप्रसिद्ध छायाचित्रांतहि बाहेरची प्रभा व मधली छाया एवढेंच दिसलें. तेव्हां आंत दुसरें विश्व सांपडलें, असें व्याख्यानांतून सांगणाऱ्यांनीं जरा थांबावें. शब्द रूढ झाला, तो राहो. मात्र शिक्षकानें मुलांस एवढें तरी सांगावें, कीं तेथें ‘खालीं काय आहे’ हा प्रश्नच नव्हे. ‘पुढें काय होतें’ हा खरा प्रश्न, आणि तो अद्याप सुटावयाचा आहे.