शिळा, नोंदवही आणि वारस : वांद्र्यातील कौटुंबिक दफनस्थळांच्या शोधसाधनांची चिकित्सा

१

पूर्वजांच्या अंतिम विश्रांतिस्थळाचा शोध हा विषय मराठी इतिहासलेखनात बहुधा राजपुरुषांच्या समाधींच्या निमित्तानेच आलेला आहे. रायगडावरील शिवाजी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी लोकमान्य टिळकांनी १८९५ साली जी चळवळ उभारली, ती याचे ठळक उदाहरण होय. तेथे स्थळ ज्ञात होते; उणीव होती ती आस्थेची. सामान्य कुटुंबांच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट असते. आस्था टिकून राहते, स्थळ मात्र हरवते. वांद्र्याच्या रानवर, पाली, शेर्ली, चिंबई इत्यादी गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचे जे वंशज आपल्या पणजोबा-खापरपणजोबांची दफनभूमी शोधू लागतात, त्यांना हा अनुभव पदोपदी येतो. हा शोध ज्या साधनांवर उभा राहतो, त्या साधनांची पारख मराठीत फारशी झालेली नाही. ती का आवश्यक आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रथम स्थळाचा विचार करावयास हवा. वांद्र्याचे सेंट अँड्र्यू चर्च जेसुइटांनी १५७५ साली उभारले. मुंबई बेट १६६१ च्या विवाहतहाने इंग्रजांकडे जावयाचे ठरले. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आली. या धामधुमीत जेसुइटांचे सेंट ॲन विद्यालय नष्ट झाले. त्याच्या आवारातील, ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे कोरलेला पाषाणक्रूस पुढे सेंट अँड्र्यूच्या आवारात आला. ही एकच घटना संशोधकाला सावध करण्यास पुरेशी आहे. वांद्र्यात दगड जेथे आज उभा आहे, तेथेच तो प्रारंभापासून होता, असे गृहीत धरता येत नाही. क्रूस स्थलांतर करू शकतो, तर थडग्याची शिळाही करू शकते. फरसबंदीत, भिंतीत वा पायरीत बसविलेली शिळा मृताचे नाव सांगते. मृत तिच्याखाली आहे, असे ती सांगत नाही.

येथे एका नामसाम्याचाही उल्लेख करणे अगत्याचे आहे. 'साष्टी' हे नाव मुंबईच्या उत्तरेकडील बेटाचे आहे, तसेच गोव्यातील एका तालुक्याचेही आहे. फादर स्टीफन्स ज्या साष्टीत वावरले, ती गोव्याची. पोर्तुगीज कागदपत्रांत केवळ 'साल्सेत' असा उल्लेख आढळला की तो वांद्र्याच्या बाजूचा समजून वंशावळ जुळविण्याचा मोह होतो. अशा एका चुकीने संपूर्ण शोध शेकडो मैल दूर भरकटतो.

३

दुसरे साधन शिलालेखांचे. या क्षेत्रातील आद्य परिश्रमांत डॉ. जुझे गेर्सन द कुन्या यांच्या चौल व वसई यांच्या इतिहासावरील १८७६ च्या इंग्रजी ग्रंथाची गणना करावी लागते. वसईच्या किल्ल्यातील चर्चांमधील थडग्यांवरचे लेख त्यांनी वाचून अर्थासह छापले, आणि पुढे झिजलेल्या अक्षरांचा एक आधार टिकवून ठेवला. या शिळांवर एक ठराविक वाक्य पुनःपुन्हा भेटते. त्याचा आशय असा की, हे थडगे अमक्याचे व त्याच्या वारसांचे आहे. वरवर पाहता हे मृताचे स्मारक वाटते. वस्तुतः तो हक्काचा दस्तऐवज आहे. चर्चच्या जमिनीतील एवढी जागा या घराण्याची, असे ते वाक्य येणाऱ्या पिढ्यांना व धर्माधिकाऱ्यांना बजावते.

या वाक्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला तर शोधाचा मूळ प्रश्नच बदलतो. 'आमच्या घराण्याची दफनभूमी कोठे होती?' असा प्रश्न वंशज विचारतात. या प्रश्नामागे कुंपण घातलेल्या, केवळ त्या घराण्याच्या मालकीच्या स्वतंत्र जमिनीची कल्पना असते. परंतु घराण्याचा हक्क चर्चच्या तळात वा आवारात, एका शिळेपुरता असे. ती शिळा उखडली किंवा हलली, की हक्काचा पुरावा गेला. भूमी हरवत नाही. भूमीवरील नाव हरवते. शिवाय ज्यांना शिळा बसविण्याचे सामर्थ्य नव्हते, त्या कोळी, भंडारी, कुणबी कुटुंबांच्या बाबतीत असे नाव प्रारंभापासूनच नव्हते, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

शिलालेखांच्या संग्रहांचा दोष नेमका येथेच आहे. जूलियन कॉटन यांनी मद्रास प्रांतातील थडग्यांवरील लेखांची जी सूची १९०५ साली प्रसिद्ध केली, तिच्या शीर्षकातच 'ऐतिहासिक वा पुरातत्त्वीय महत्त्व असलेले' अशी अट आहे. महत्त्व कोणाला, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. या कसोटीवर कप्तान, पाद्री व अंमलदार टिकतात. चिंबईचा नाखवा टिकत नाही.

४

वांद्र्यापुरते पाहता, ब्राझ फर्नांडिस यांचा १९२७ चा इंग्रजी ग्रंथ हा आजही पहिला आधार होय. गावाचा 'धार्मिक आणि लौकिक इतिहास' असे त्याचे शीर्षक सांगते. एका उपनगराचा इतिहास इतक्या निष्ठेने लिहिण्याजोगा आहे, हे त्या काळी ओळखणे हेच मोठे काम होते. तथापि शीर्षकातील या विभागणीने थडग्याची अडचण होते. थडगे धार्मिक की लौकिक? दफनविधी चर्चचा, शिळेवरील वारसाहक्क घराण्याचा. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्यावाचून तो दगड बोलत नाही. धार्मिक इतिहास म्हटला की चर्चांच्या स्थापनेकडे, लौकिक म्हटला की सत्तांतराकडे लक्ष वेधले जाते, आणि घराणे दोहोंच्या मध्ये निसटते. हा दोष एका ग्रंथकाराचा नाही. स्थानिक इतिहासलेखनाच्या त्या सबंध परंपरेचा आहे.

५

तिसरे साधन चर्चच्या नोंदवह्यांचे. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी हा या शोधाचा कणा आहे, हे खरे. पण त्यांतही दोन खाचखळगे आहेत. पहिला अधिकारक्षेत्राचा. पोर्तुगीज राजसत्तेच्या 'पाद्रोआदो' व रोमच्या 'प्रोपागांदा' या दोन अधिकारांत मुंबई-साष्टीतील ख्रिस्ती समाज दीर्घकाळ विभागला गेला होता. हा दुहेरी कारभार १९२८ च्या कराराने संपुष्टात आला. तत्पूर्वी एकाच गल्लीतील दोन घरे दोन वेगळ्या चर्चांची असू शकत. एका वहीत नाव न सापडणे म्हणजे नाव नसणे नव्हे.

दुसरा खळगा आडनावाचा. धर्मांतराच्या वेळी पोर्तुगीज आडनावे धारण केली गेली. त्यामुळे परेरा, डिसोझा, फर्नांडिस ही नावे रक्तसंबंध सिद्ध करीत नाहीत. अशा स्थितीत आडनावाच्या जुळणीवरून एखादी सुबक कोरीव शिळा 'आपली' ठरविणे हे परक्याच्या पूर्वजापुढे मेणबत्ती लावण्यासारखे होय. भावनेच्या दृष्टीने त्यात अनुचित काही नसेल. संशोधनाच्या दृष्टीने मात्र ती चूक आहे. आडनावापेक्षा गावठाणाचे नाव, घराचे टोपणनाव व धर्मपित्याचे नाव अधिक भरवशाचे. घरातील वृद्धांच्या स्मरणाचे मोल येथे कळते. १८९६ च्या प्लेगच्या काळात वांद्र्याच्या गल्लीबोळांत जे क्रूस उभारले गेले, त्यांच्याभोवती आजही त्या त्या वस्तीचे लोक प्रार्थनेस जमतात. ते क्रूस थडगी नव्हेत, आणि तशी गल्लत होऊ देऊ नये. पण कोणते घर कोणत्या क्रूसाचे, हे स्मरण कुटुंबाला गावठाणाशी जोडून देते.

६

या तीन साधनांची साक्ष निरनिराळ्या प्रकारची आहे. शिळा हक्क सांगते, नोंदवही घटना सांगते, स्मरण स्थळ सांगते. तिन्ही एका ठिकाणी मिळाल्या तरच 'येथे आमचा पूर्वज' असे विधान करता येईल. दोनच मिळाल्या तर ते अनुमान होय, व ते अनुमान म्हणूनच नोंदविले पाहिजे. पुष्कळ कुटुंबांच्या वाट्याला याहून अधिक येणार नाही, कारण शहरातील दफनभूमींत जागेच्या टंचाईमुळे तात्पुरती थडगी काही वर्षांनी पुन्हा उघडली जातात आणि अस्थी हलविल्या जातात.

म्हणून आज तातडीची गरज आहे ती नव्या सिद्धांतांची नसून सूचीची. सेंट अँड्र्यूच्या आवारातील प्रत्येक शिळेचा लेख, तिचे आजचे स्थान आणि ती तेथे कशी आली याविषयीची माहिती, 'महत्त्व' न पाहता नोंदविली गेली पाहिजे. तिच्या जोडीला दोन्ही अधिकारांच्या वह्यांतील दफननोंदी गावठाणवार लावल्या पाहिजेत. हे काम पावसाळ्यागणिक अवघड होत आहे, कारण जी अक्षरे झिजतात ती पुन्हा वाचता येत नाहीत. आणि ज्या वंशजाला इतक्या परिश्रमानंतरही शिळा सापडणार नाही, त्याला निदान एवढे प्रामाणिकपणे सांगता येईल की, दोन नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी ज्या आवारात सारा गाव मेणबत्त्या लावतो, ते आवारच त्याच्या घराण्याची दफनभूमी आहे.